मदत हवी आहे: निवृत्तीला सहा महिने उरले असताना राहते भाड्याचे घर विकत घ्यावे का?

नमस्कार.

माझे वय ५७ असून येत्या मे अखेरीस, म्हणजे २०२१ मध्ये, मी एका खासगी कारखान्यातून निवृत्त होईन. गेली ११ वर्षे मी आणि पत्नी पुण्यात धायरीला एकाच दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत आहोत. घरमालक सज्जन आहेत. यंदा, म्हणजे २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी अशी सूचना केली, तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला होता. पगार कापून येत असूनही मी भाडे मात्र थकवले नाही. आता त्यांचीच ओढाताण सुरू आहे. कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत ऑगस्टअखेर संपली, त्यांच्या मुलाची नोकरी गेली, आणि घराच्या खरेदीवर सरकारला भरायच्या मुद्रांक शुल्कातली तीन टक्क्यांची सूट ३१ डिसेंबरपर्यंतच आहे (नंतर मार्चअखेरपर्यंत ती दोन टक्के राहील), म्हणून त्याआधी फ्लॅट विकायचा असे त्यांनी ठरवले आहे. पहिला हक्क तुमचा, असे म्हणून त्यांनी मला ४६ लाख रुपये सांगितले. याच इमारतीतला, याच मापाचा फ्लॅट २०१४ मध्ये ५२ लाखांना गेला होता, तो व्यवहार माझ्या डोळ्यांसमोर झाला होता.

मी आजवर घर का घेतले नाही, हे थोडक्यात सांगतो, कारण मला वाटते माझा प्रश्न तिथेच अडकला आहे. २०१० मध्ये भाव झेपत नव्हते. पुढे वडिलांचे आजारपण आणि मुलीचे शिक्षण आले. नोटाबंदी झाली तेव्हा सगळे म्हणाले की आता भाव कोसळतील, म्हणून थांबलो. २०१७ मध्ये रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि जीएसटी आले तेव्हाही तेच ऐकले आणि पुन्हा थांबलो. भाव कोसळले नाहीत, नुसते जागच्या जागी बसून राहिले, आणि त्या बसून राहण्यात माझी पगाराची वर्षे निघून गेली. आज भाव खरोखर उतरले आहेत, पण आता हातात सहाच पगार उरले आहेत.

हिशेब असा आहे. भविष्य निर्वाह निधीचे साधारण २९ लाख, ग्रॅच्युइटीचे ६ लाख आणि मुदत ठेवी ९ लाख, असे एकूण ४४ लाख होतात. निधीच्या योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन महिना साडेतीन हजारांच्या आतबाहेर असेल. भाडे १३ हजार आहे, म्हणजे वर्षाला १ लाख ५६ हजार, जे ४६ लाखांवर साडेतीन टक्केही पडत नाही. चार वर्षांपूर्वी हाच हिशेब कोणी मांडला असता तर मी डोळे झाकून भाड्यानेच राहा म्हटले असते. पण यंदा घरांच्या भावांबरोबर व्याजही पडले आहे. पाच वर्षांच्या ठेवीवर मोठ्या बँका साडेपाच टक्क्यांच्या आतच देतात. सगळे ४४ लाख तसे ठेवले तर महिना वीस हजारांच्या आत मिळतात आणि त्यातले तेरा हजार भाड्यात जातात. उलट घर घेतले तर सगळी पुंजी भिंतींत जाते आणि वर कर्जही काढावे लागते.

मुलगी हैदराबादला नोकरी करते. सहकर्जदार म्हणून सही करायला ती तयार आहे. व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास आल्यामुळे बँकेतले गृहस्थही फार उत्साहाने बोलतात. माझ्या एकट्याच्या नावावर मात्र निवृत्तीपलीकडची मुदत द्यायला ते नाखूश आहेत. पण उद्या तिला स्वतःचे घर घ्यायचे झाले तर हेच कर्ज तिच्या आड येईल, या विचाराने मला झोप लागत नाही.

तेव्हा मला दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे. या वयात, या भावाला, मुलीच्या आधाराने घर घेणे शहाणपणाचे आहे की मी केवळ पुन्हा थांबल्याची खंत वाटेल म्हणून घाई करतो आहे? आणि मी नाही म्हटले, तर मे अखेरपर्यंतचा नोंदणीकृत करार असतानाही नवा मालक आम्हाला डिसेंबरात बाहेर काढू शकतो का?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे. आपला करार लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा, असणार. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार, परवाना देणाऱ्याने मालमत्ता विकली तर खरेदीदार त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. त्यामुळे करारात नोटिशीची आणि लॉक-इनची (ठरलेल्या काळात करार मोडता येणार नाही अशी) कलमे काय आहेत ते आजच पाहावे. एक महिन्याच्या नोटिशीवर कोणीही करार संपवू शकेल असे लिहिले असेल (बहुतेक छापील मसुद्यांत ते असतेच), तर भांडण्यात अर्थ नाही. मुदत संपल्यावर राहत गेल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. मालक सज्जन आहेत, तर विक्रीआधीच त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: रिकामे करण्यासाठी जानेवारीअखेरपर्यंतची सवड, आणि किल्ली देतानाच अनामत रक्कम परत.

घ्यायचे ठरलेच, तर त्यांच्या बँकेकडून फ्लॅटवरच्या शिल्लक कर्जाचे पत्र घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि ३१ डिसेंबरचा धाक बाळगू नका. खरेदीचा दस्त त्या तारखेच्या आत करून शुल्क भरले, तर नोंदणीला कायद्याने चार महिने मिळतात.

प्रतिसाद २

काका, तीन टक्के सूट म्हणजे ४६ लाखांवर १ लाख ३८ हजार. एवढ्यासाठी आयुष्यभराची पुंजी पणाला लावू नये, असे मला स्पष्ट वाटते. माझ्या वडिलांनी २००९ मध्ये नेमके हेच केले. घर झाले, पण पुढची दहा वर्षे सोसायटीचा मेंटेनन्ससुद्धा माझ्याकडून घेताना त्यांना संकोच वाटत असे, आणि ते पाहणे मला त्या रकमेपेक्षा जड गेले. आपल्या मुलीचा विचार याही बाजूने करावा.

व्याजाचा हिशेब मात्र आपण अर्धाच मांडला आहे. निवृत्त झाल्याबरोबर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) काढलाच पाहिजे असे नाही. ५५ नंतर निवृत्त होणाऱ्याच्या खात्यावर पुढची तीन वर्षे व्याज मिळत राहते. २०१९-२० चा दर साडेआठ टक्के होता. पुढे तो तेवढाच राहील असे नाही, आणि नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तरीही आज मुदत ठेव त्याच्या जवळपास येत नाही. भाडे आणि घरखर्च मिळून महिना ३३ हजार धरले, तर दोन वर्षांचे आठ लाख होतात, आणि ते ग्रॅच्युइटी व ठेवींच्या १५ लाखांतून निघतात. साठ पूर्ण झाल्यावर पीएफ काढून त्यातले १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. यंदा, २०२० मध्ये, तिथे ७.४ टक्के आहेत, म्हणजे दर तिमाहीला २७,७५० रुपये. घर हवेच असेल, तर त्या वेळी वन बीएचके पाहावा. दोघांना दुसरी बेडरूम कशाला लागते?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. करार काढून पाहिला. एक महिन्याच्या नोटिशीचे कलम आहे आणि लॉक-इन नाही. अकरा वर्षांत ते कधी वाचलेच नव्हते. काल मालकांना नकार कळवला. त्यांना वाईट वाटले, पण जानेवारीअखेरपर्यंतची सवड आणि अनामतीबद्दल त्यांनी लिहून दिले. दुसऱ्या बेडरूमच्या प्रश्नावर पत्नीचे उत्तर असे, की मुलगी दिवाळीला आली की कुठे झोपणार. तो मुद्दा आमच्याकडे अजून चर्चेत आहे.

आता एवढेच विचारतो. सध्या भाडी उतरली आहेत, तर वडगाव किंवा आनंदनगर भागात अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा, दोन्ही बाजूंना लॉक-इन असलेला करार कोणी करून घेतला आहे का? एजंट म्हणतो की मालक तयार होत नाहीत, आणि दर अकरा महिन्यांनी मिळणारी दलाली त्याला हवी असते हे मला ठाऊक आहे. तळमजला किंवा लिफ्ट, आणि चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना, एवढ्याच अटी आहेत.