फासकीत पाय गेलेल्या बिबट्याला एपिड्युरल द्यावं का?

रानवैद्य: फासकीची तार मागच्या मांडीत पार आत रुतलेली. केटामाइन-झायलाझिन या भुलीच्या औषधांवर बिबट्या झोपतो, पण जखम खरवडायला घेतली की पाय आखडतो, आणि आपण केटामाइन वाढवतो. झायलाझिनला योहिम्बिनचा उतारा आहे, केटामाइनला नाही. मग एपिड्युरल, म्हणजे कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बधिर करायचं इंजेक्शन, देऊन केटामाइन आटोक्यात का ठेवू नये? कुत्र्यांना देतोच की.

सुईदोरा: कुत्र्याचा मज्जारज्जू साधारण सहाव्या-सातव्या कटिमणक्यापाशी संपतो. मांजरात तो त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे कमरेमागच्या हाडापर्यंत जातो. बिबट्या कुणाच्या कुळातला? कुत्र्याला देतो त्या कमरेच्या फटीत सुई घातली आणि रज्जूचं आवरण भेदलं, तर एपिड्युरलचा अख्खा डोस पाठीच्या पाण्यात. रक्तदाब कोसळतो, श्वासही थांबू शकतो.

रानवैद्य: म्हणून तर शेपटीच्या मुळाशी म्हणतोय. अंग बाहेर आलेल्या गाईला काय करतो आपण? शेपूट हँडपंपासारखी वर-खाली करायची, बोटाला हलणारा सांधा लागतो, तिथे सुई. सुईच्या तोंडावर ठेवलेला थेंब आत ओढला गेला की जागा बरोबर. गोठ्यात बॅटरीच्या उजेडात जमतं, ते झोपलेल्या बिबट्यात जमणार नाही?

सुईदोरा: दादा, गाईला ५ मिली लिडोकेन, बधिर करायचं औषध, देता, शेपूट लुळी पडते, गाय उभीच राहते. मांडी बधिर करायला औषध जास्त लागणार, ते पुढे सरकणार, दोन्ही मागचे पाय जाणार. गाय बसली तर मालक खाली पेंढा घालतो. बिबट्या जागा होऊन मागचं अंग ओढत पिंजऱ्यावर धडका मारेल, त्याचं काय?

कातळ: कण्याच्या वाटेला जाताच कशाला? त्या एका पायाचा नर्व्ह ब्लॉक द्या, म्हणजे त्याच पायाच्या नसा बधिर करा. लिडोकेन मात्र वजनावर मोजून, मांजरांना ते लवकर बाधतं.

रानवैद्य: एकट्या सायटिक नसेने मांडी भागत नाही, फिमोरल नसही लागते. सुजून टम्म झालेल्या पायात ती शोधून दाखवा.

इंटर्न२: सर, एक विचारू? गाडीखाली मेलेल्या बिबट्याच्या पीएमला (शवविच्छेदनाला) पोट उघडतो, फुप्फुसं बघतो, नखं-दात मोजतो आणि जाळून टाकतो. रज्जू कुठे संपतो ते बघायला परवानगी घेऊन कणा का उघडत नाही?

सुईदोरा: हे बोललास! पण एका बिबट्यावर भागणार नाही. बछड्यात रज्जू आणखी मागे असतो, कारण कणा वाढतो तेवढा रज्जू वाढत नाही. पुढचं पीएम असेल तेव्हा कळव, हाडाची करवत माझ्याकडे आहे. तोवर माझा बिबट्या केटामाइनवरच.

रानवैद्य: येतो मीही. शेपटीकडून उघडायचं मात्र.