'लॉस' : घट, लोप की हानी?

प्रश्न : ऑप्टिकल फायबरच्या (प्रकाशातून संदेश नेणाऱ्या काचेच्या तारेच्या) देखभालीवर मराठीत टिपण लिहितोय. किलोमीटरमागे ०.२ डेसिबल जातो तो 'लॉस', यंत्राच्या कार्डावर लाल दिवा पेटतो तो 'लॉस ऑफ सिग्नल', वर आणखी 'लॉस ऑफ फ्रेम' (फ्रेम म्हणजे बिटांचा ठरावीक मापाचा गठ्ठा). तिन्हींना 'हानी' लिहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, भरपाई कोण देणार?

उत्तर १ : पहिली 'घट'. प्रकाश पोचतो, पण फिका होऊन. तेवढी घट हिशेबात धरलेलीच असते. दुसरा 'लोप'. व्याकरणात लोप म्हणजे अदर्शन, आणि इथे रिसीव्हरला खरोखरच काही दिसत नाही. तिसरा अर्थात 'फ्रेमलोप'.

उत्तर २ : 'फ्रेमलोप' नको! प्रकाश येतोय, बिट येताहेत, फक्त फ्रेम कुठून सुरू होते ते कळत नाही. एसटीएम-१ मध्ये (फायबरवरच्या एका ठरावीक वेगाच्या जोडणीत) दर १२५ मायक्रोसेकंदांनी २४३० बाइटांची फ्रेम येते. सुरुवातीला तीन ए-१ आणि तीन ए-२ हे खुणेचे बाइट. ते जागेवर सापडेनात की आधी 'आउट ऑफ फ्रेम', आणि ती अवस्था ३ मिलिसेकंद टिकली की 'लॉस ऑफ फ्रेम'. तबला ऐकू येतोय, सम सापडत नाही, तसं.

हा नुसता कीस नाही. एका रात्रपाळीत लॉस ऑफ फ्रेम आला आणि आमच्यापैकी एकाने वहीत लिहिलं, 'सिग्नल गेला'. झालं, जोडणीवाले केबलच्या वाटेने तुटलेली जागा शोधत निघाले. इकडे पॉवर मीटर उणे १४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दाखवतोय, ठणठणीत! शेवटी निघालं काय, तर समोरचं पोर्ट चुकून एसटीएम-४ वर, म्हणजे चौपट वेगावर, लावलेलं.

प्रश्नकर्ता : मग 'चौकट हरवली' चालेल?

उत्तर १ : चौकट म्हटलं की दार आठवतं, नाहीतर पत्ते. फ्रेम राहू द्या.

उत्तर २ : 'फ्रेमचा मेळ सुटला' लिहा. आणि टीप टाका, की संकेतलोप (लॉस ऑफ सिग्नल) असताना मेळाचा अलार्म यंत्र दाबून ठेवतं. प्रकाशच नाही तिथे मेळ कशाचा? म्हणून मेळ सुटल्याचा अलार्म दिसला, तर प्रकाश पोचतोय असं धरून चालायचं.

प्रश्नकर्ता : घट, लोप, मेळ सुटणे. ठरलं. 'हानी' खोडली.

उत्तर १ : 'फ्रेमलोप' मीही मागे घेतो. बोलताना मात्र सगळे 'एलओएफ (लॉस ऑफ फ्रेम) आलाय' असंच म्हणणार, मीसुद्धा.