सीटी नॉर्मल आला तरी श्वासनलिका ढिली असू शकते

सत्तरीतल्या माणसाचा सीटी नॉर्मल आला म्हणजे खोकला दम्याचाच, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. नेहमीचा सीटी श्वास भरून धरायला लावून काढतात आणि ट्रेकिओब्रॉन्कोमलेशियात (श्वासनलिका आणि तिच्या फांद्या ढिल्या पडण्याच्या आजारात) नलिका मिटते ती श्वास सोडताना. भुंकल्यासारखा खोकला, कफ सुटत नाही, इन्हेलरचा काडीचा उपयोग नाही, असं असेल तर चिठ्ठीवर ‘डायनॅमिक एक्स्पिरेटरी सीटी’ असं स्पष्ट लिहून घ्या. स्कॅन जोरात श्वास सोडत असतानाच व्हायला हवा. सोडून झाल्यावर काढला तर मिटणं कमी दिसतं. स्पायरोमेट्रीवर (फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीवर) विसंबू नका, ती नॉर्मलही येते.

मात्र रिपोर्टमधल्या ५० टक्क्यांना घाबरू नका, तेवढी नलिका निरोगी माणसांतही मिटते. आता बरेच जण आजार म्हणायला ७० टक्के आणि गंभीर म्हणायला ९० टक्के मिटणं धरतात. उपचारात आधी सोबतचा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आणि ॲसिडिटीची जळजळ यांवर इलाज, शिवाय कफ सोडवण्याची फिजिओथेरपी. सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं यंत्र) नलिकेला आतून हवेचा टेकू देतो. शस्त्रक्रियेआधी आठ-पंधरा दिवस सिलिकॉन स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) घालून फरक पडतो का ते बघतात. धातूचा जाळीदार स्टेंट या आजारात शक्यतो नकोच. त्यात मांस वाढतं आणि मग तो काढणं महाकठीण.