उद्यान आणि क्रीडासंकुलासाठी पुण्याच्या मिळकतकरात वेगळा उपकर असावा का?

मूळ लेखन (सिंहगड रस्ता परिसर)

आमच्या सोसायटीत संध्याकाळी मुले उभ्या गाड्यांच्या मधल्या पट्टीत रबरी चेंडूने क्रिकेट खेळतात. चेंडू एखाद्या काचेवर आपटला की वरच्या मजल्यावरून ओरडा होतो, खेळ थांबतो आणि तीच मुले जिन्याच्या पायऱ्यांवर बसून मोबाइल काढतात. समोर बंद दुकानाच्या ओट्यावर तीन-चार आजी बसलेल्या असतात, कारण बसायला दुसरी जागाच नाही. पु. ल. देशपांडे उद्यान आमच्यापासून फार लांब नाही आणि ते सुंदरही आहे. पण ते शांतपणे फिरण्यासाठी आहे, मुलांनी धावावे, पडावे आणि चेंडू खेळावा यासाठी नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, महापालिकेने मिळकतकरात उद्यान व क्रीडासंकुलासाठी ठरावीक वर्षांपुरता वेगळा उपकर लावावा, ती रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि सर्वप्रथम विकास आराखड्यात उद्यान-मैदानांसाठी आरक्षित असलेल्या जागा ताब्यात घेण्यासाठीच वापरावी. जागेवर मी एवढा भर देतो, त्याला कारण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षणच व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. नोटीस आली त्या वेळी तिजोरीत पैसा नसेल, तर बागेची जागा हातची जाते आणि तिथे एकदा इमारत उभी राहिली की ती पुढच्या कोणत्याही पिढीला परत मिळत नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे ही नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहेत. काम त्यांचे आहे, तर त्यासाठी पैसा देण्याची तयारी आपण दाखवली पाहिजे.

प्रतिसाद 1 (सदाशिव पेठ, विरोधात)

आपली तळमळ मला समजते, पण या मार्गाला माझा ठाम विरोध आहे. कराचे बिल समोर ठेवून लिहितो आहे. त्यात सर्वसाधारण कर आहे, सफाईचा, अग्निशमनाचा, जललाभाचा कर आहे आणि वृक्षकरही आहे. प्रत्येक रकाना कधीतरी अशाच एखाद्या चांगल्या हेतूने आला असणार. आता आणखी एक वाढवायचा आणि तो ठरावीक मुदतीनंतर निघून जाईल यावर विश्वास ठेवायचा, हे मला जमत नाही. स्वतः राहत असलेल्या घरांना 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत मध्येच काढून घेतली गेली, 2023 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि आम्हा ज्येष्ठांना आपण आपल्याच घरात राहतो हे दाखवायला पीटी-3 अर्जाला पुरावे जोडून रांगेत उभे राहावे लागले. भरणा चुकला तर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. पालिकेकडून काम चुकले तर मात्र कोणालाही काही लागत नाही.

शिवाय मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांनीच अंदाजपत्रक मांडले आणि त्यांनीच मंजूर केले. लोकनियुक्त सभागृहाला प्रश्न विचारण्याची सोय इतका काळ नसलेल्या शहरात नवा कर सुचवताना थोडे थांबले पाहिजे. जागा मिळवायला रोख पैसाच लागतो असेही नाही. मालकाला टीडीआर, म्हणजे रोख मोबदल्याऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा किंवा विकता येणारा हक्क, देऊन पालिका जागा घेऊ शकते.

प्रतिसाद 2 (वाघोली, विरोधात)

आमचे गाव 2021 मध्ये महापालिकेत आले. कर वाढला, टँकर मात्र सुटला नाही. ज्या घरात सकाळी पहिला प्रश्न पाण्याचा असतो, त्या घराकडे जलतरण तलाव आणि बॅडमिंटनच्या सभागृहासाठी पैसे मागू नयेत, एवढीच विनंती आहे.

प्रतिसाद 3 (जनता वसाहत, अटीसह बाजूने)

4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम होते, तेव्हा नियमाप्रमाणे दहा टक्के जागा खेळासाठी मोकळी ठेवावी लागते. त्यामुळे मोठ्या संकुलांतल्या मुलांना निदान एक हिरवळ आणि घसरगुंडी मिळते. आमच्याकडे दोन घरांमधली वाट हेच अंगण आहे. सार्वजनिक उद्यान नसेल तर सर्वांत जास्त नुकसान आमचे होते, म्हणून मी या सूचनेच्या बाजूने आहे. मात्र मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मिळकतकर माफ झाला, तशी छोट्या घरांना या उपकरातून सूट हवी. मी भाडेकरू आहे आणि घरमालकाचा वाढलेला कर पुढच्या करारात भाड्यावर चढतो, हे अनुभवाने सांगतो. तलावाचे शुल्क आमच्या खिशाबाहेर ठेवले, तर मात्र हा उपकर आमच्या कामाचा नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

वाघोलीच्या प्रतिसादापुढे मी माझी सूचना बदलतो. जिथे नळाला नियमित पाणी येत नाही, तिथे हा उपकर लावूच नये. छोट्या घरांची सूटही मला पूर्ण मान्य आहे.

टीडीआरविषयी मात्र सहमत होता येत नाही. टीडीआर घेणे मालकाच्या संमतीवर असते. बाजारात त्याला भाव नसेल तर मालक रोख मोबदलाच मागतो आणि कलम 127 ची मुदत तोवर सरत राहते. आणि मालकाने टीडीआर घेतला, तर त्यातून दुसरीकडे आणखी मजले चढतात, माणसे वाढतात, त्यांनाही मोकळी जागा लागते. शिवाय जागा हाती आल्यावर कुंपण, दिवे, माळी, पाणी, स्वच्छतागृह यांचा खर्च टीडीआरमधून भागत नाही. वृक्षकर झाडांच्या जतनासाठी आहे. त्यातून मैदान विकत घेता येत नाही.

अविश्वासाचा मुद्दा सर्वांत जड आहे आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: मुदत, स्वतंत्र खाते आणि दरवर्षी जाहीर हिशेब या तिन्ही गोष्टी ठरावातच लिहिलेल्या हव्यात. करांचे दर कायद्याप्रमाणे 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. त्याआधी मी क्षेत्रीय कार्यालयात निवेदन देणार आहे. सदाशिव पेठेतील सदस्यांनी या अटी स्वतःच्या शब्दांत लिहून दिल्या, तर त्या मी तशाच्या तशा जोडेन.

प्रतिसाद 4 (सदाशिव पेठ)

अटी लिहून देतो. खाली ‘या व्यक्तीचा उपकराला विरोध आहे’ असेही नमूद करावे.