ग्वाल्हेरच्या उन्हात मेण घातलेला गिलावा : घ्यावा की नाही?

लष्करवासी
गच्चीवरच्या खोलीची पश्चिमेची भिंत नऊ इंची. मे महिना चालू आहे, रात्री अकरालाही तिला हात लावून बघवत नाही. गिलावा नव्याने करायचाय. ठेकेदार म्हणतो, मसाल्यात मेणाच्या बारीक गोळ्या घालू. २६ अंशांना मेण वितळतं आणि वितळताना उष्णता पितं. मला तर पटलंय. विजेचं बिल बघून डोळे पांढरे होतात.

जुना_चुना
पैसे घालवू नका. प्यायलेली उष्णता रात्री ओकून मेण पुन्हा गोठलं, तरच दुसऱ्या दिवशी उपयोग. मे-जूनमध्ये आपल्याकडे रात्रीचा पाराच तिशीच्या आसपास अडतो. २६वालं मेण गोठणार कधी?
शिवाय हिशेब करा. दोन सेंटीमीटर जाडीच्या गिलाव्याला चौरस मीटरमागे साधारण ३६ किलो मसाला लागतो. त्यात दहा टक्के मेण धरलं तरी वितळताना फार तर ७०० किलोजूल पिणार. आमच्या वाड्याची दीड फुटी दगडी भिंत एका अंशाने तापतानाच तेवढी पिते!

थर्मल_पोरगी
काका, त्यांचा वाडा नाहीये हो! दीड फूट दगड गच्चीवर चढवणार कोण? आणि मेण काही एकाच अंशाचं नसतं, ३२ला वितळणारंही असतं. २६वालं मार्च नि ऑक्टोबरमध्ये चोख काम करेल.

जुना_चुना
मार्चमध्ये एसी लावतो कोण? ३२वाल्याला तिशीतल्या रात्री गोठायला फरक मिळतो दोन अंशांचा. तेवढ्याला रात्र पुरत नाही. गोळ्या वाढवाल तर मसाला कमजोर होतो, ते निराळंच.

मधली_आळी
हा गिलावा उन्हात टिकेल का अशी शंका असेल, तर ४७-४८ अंशांनी मसाल्याला काही होत नाही. सिमेंटमधला चुना फुटायला चारशेच्या वर जावं लागतं. पण मेण त्याच्या कितीतरी आधी पेटतं. स्वयंपाकघरात गॅसमागच्या भिंतीला हे लावू नका, एवढंच म्हणेन.

थर्मल_पोरगी
हे मान्य. मेण रात्री गोठायला हवं हेही मान्य, त्यासाठी खिडक्या सताड उघड्या हव्यात. तरी नऊ इंची भिंतीला दुसरा उपाय काय, ते काकांनी सांगितलं नाहीच.

जुना_चुना
बाहेरून पांढरा चुना. ऊन आत शिरूच देऊ नका.

लष्करवासी
काल खोलीत थर्मामीटर टांगला. खिडक्या उघड्या ठेवूनही पहाटे पाचला ३३. ठेकेदाराला विचारलं, हे गोठतं कधी? म्हणाला, "जमेगा क्यों साहब, पिघलता है ना!"
रविवारी चुना आणतोय.