चंद्राचा बर्फ की चंद्राचा दगड? सोलापुरातून पीएचडीला विषय कोणता घ्यावा

काळाफत्तर (धागाकर्ता):
चांद्रयान-३ उतरल्यापासून भूशास्त्रात एमएस्सी झालेल्या ज्याला त्याला चंद्रावरच्या पाण्यावरच पीएचडी करायची आहे. माझं मत सरळ आहे: सोलापुरात बसून करायची तर बर्फ सोडा, खनिजं धरा.

बर्फ आहे तो ध्रुवाजवळच्या खड्ड्यांच्या तळाशी. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे तिथं ऊन कधी उतरतच नाही. वर्णपटमापकाला (परतलेल्या उजेडावरून पदार्थ ओळखणारं उपकरण) तर ऊनच लागतं. तिथं त्याला मिळतो समोरच्या कड्यावरून उडून आलेला मिणमिणता उजेड, आणि त्या खरखरीतून १.३, १.५ आणि २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे खळगे, म्हणजे बर्फानं उजेड शोषल्याच्या खुणा, वेचायचे. चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री या वर्णपटमापकाच्या माहितीतून २०१८ साली ते वेचले गेले, पण बर्फ टिकेल इतक्या थंड जागांपैकी साडेतीन टक्क्यांतच. त्यातून आता आणखी काय पिळणार?

खनिजांचं तसं नाही. पायरॉक्सिन १ आणि २ मायक्रॉनला ठसठशीत दिसतं, ऑलिविन १.०५ च्या आसपास पसरट, स्फटिकी प्लॅजिओक्लेज १.२५ ला. चांद्रयान-२ च्या आयआयआरएस या वर्णपटमापकाची माहिती ०.८ ते ५ मायक्रॉनची, पिक्सेल ८० मीटरचा. इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नाव नोंदवलं की फुकट. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचे, आपल्या क्रशरवरची खडीही बेसाल्टची. कुटायची, चाळायची, वर्णपट घ्यायचा, ताडून बघायचा. तीन-चार वर्षांत प्रबंध उभा.

खडीक्रशर:
'कुटायची, चाळायची' इतकं सोपं असतं तर काय हवं होतं ओ! आपल्या दगडाचा एक तुकडा भिंगाखाली धरा. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरं झिओलाइट (पाणी धरून ठेवणारं खनिज), कडेनं हिरवट-काळा चिकणमातीचा पापुद्रा, मध्येच कॅल्साइट. वर्णपटात १.४ आणि १.९ ला पाणी उमटतं, २.३ ला माती. चंद्राच्या बेसाल्टमध्ये यातलं काही नाही. शिवाय आपल्या दगडात फेरिक (जास्त ऑक्सिजन धरलेलं, गंजासारखं) लोह आहे, चंद्रावरचं जवळजवळ सगळं फेरस (कमी ऑक्सिजनचं).

ओव्हनमध्ये ११० अंशांवर चोवीस तास ठेवलं तर वरवरची ओल जाते. मातीच्या जाळीतलं हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) तसंच. ते काढायला ६००-७०० अंशांवर नेलं आणि भट्टीत साधी हवा असली, की काळी पूड तांबूस होऊन बाहेर येते. फेरसचं फेरिक झालं, १ मायक्रॉनचा खळगा बिघडला. आर्गॉन नाहीतर निर्वात भट्टी हवीच. त्याआधी दगड निवडतानाच पोकळ्यांचा वरचा थर सोडून घट्ट थराच्या पोटातला घ्या, ०.०३ मिलिमीटरचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मगच कुटा. तेही अगेटच्या खलात. पोलादी जबड्यातून गेलेल्या पुडीत लोखंडाचा कीस उतरतो, आणि चंद्राच्या मातीत तर लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांनीच वर्णपट बदललेला असतो. मग कुठलं लोखंड कुणाचं?

आणि जायचंय सगळ्यांना दक्षिण ध्रुवाकडे. तिकडे बेसाल्टचं राज्य नाही. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीवरच्या एपीएक्सएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या उपकरणाला ६९ अंश दक्षिणेला फेरोअन अनॉर्थोसाइटशी (प्लॅजिओक्लेजनं भरलेला फिकट दगड) जुळणारी माती मिळाली. तसा दगड तमिळनाडूत सित्तमपुंडीला; इस्रोनं आपली नकली चंद्रमाती तिथल्याच दगडाची केली.

नायट्रोजनचा_डबा:
धागाकर्त्यांशी साफ असहमत. खनिजं अभ्यासायची ती पुढच्या मोहिमांना पाणी नि ऑक्सिजन मिळावा म्हणूनच ना? मग हिशेब मांडा. इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड खनिज) हायड्रोजनसोबत ९००-१००० अंशांवर तापवलं तर १ किलो शुद्ध इल्मेनाइटमागे पाणी फार तर ११९ ग्रॅम. मातीत ५ टक्के इल्मेनाइट धरलं तरी १०० किलो माती भाजून ६०० ग्रॅमसुद्धा नाही. नासाच्या एलक्रॉस मोहिमेची धडक ९ ऑक्टोबर २००९ ला कॅबियस खड्ड्यात बसली, तिथं पाणी निघालं ५.६ टक्के. म्हणजे १०० किलोला साडेपाच किलो.

बर्फाचं काम सोलापुरातही होतं. बर्फ टिकायला ११० केल्विनच्या (उणे १६३ अंश सेल्सिअस) खाली जायचं, द्रव नायट्रोजन ७७ केल्विनचा असतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो खेडोपाडी पोचतोच. कॅबियससारखी नकली माती करा: ९४.४ ग्रॅम वाळवलेली दगडाची पूड, ५.६ ग्रॅम पाणी. खरी गोम मिसळण्यात आहे. पाणी ओतून गोठवलं तर कण सिमेंटसारखे सांधले जातात नि ड्रिलचं टोक झिजतं. बर्फ आधी दळून थंड पुडीत कालवला तर मिश्रण भुरभुरीत राहतं. टक्केवारी तीच, ताकद निराळी. दोन्ही करून फरक मोजा, प्रबंध तोच.

काळाफत्तर:
त्या ५.६ पुढचे अधिक-उणे २.९ सोयीनं गिळलेत. एका खड्ड्यातली एक जागा ती. आणि सोलापूर कोरडं म्हणून फसू नका. पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडलं की हवेतली ओल थंड पुडीवर दहिवर होऊन बसते. ५.६ चे ७ ग्रॅम कधी झाले कळणार नाही, आणि ३ मायक्रॉनचा पट्टा (वर्णपटातली पाणी-हायड्रॉक्सिलची खूण) तर नुसत्या दहिवरानंच भरून जातो.

नायट्रोजनचा_डबा:
ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली बंद पेटी) कोरडा नायट्रोजन सोडा आणि पाणी न घातलेल्या पुडीचा एक डबा शेजारी ठेवा. त्याचं जे वजन वाढलं ते दहिवर, तेवढं वजा. दहावीची वजाबाकी आहे ही.

शेंगाचटणी:
दोघंही प्रयोगशाळेतच अडकलात. अंधारात बघायला रडार आहे की. चांद्रयान-२ चं रडार एल आणि एस अशा दोन्ही बँडचं (दोन वेगळ्या तरंगलांब्यांचं), पूर्ण ध्रुवणाचं, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशाही मोजणारं. फक्त 'सीपीआर (परतलेल्या रडार लहरींतल्या दोन उलट वर्तुळाकार ध्रुवणांचं गुणोत्तर) १ च्या वर गेला, म्हणजे बर्फ' असं लिहून मोकळं होऊ नका. धोंडे पसरलेल्या ताज्या खड्ड्यातही तो १ च्या वर जातो. २०१० साली चांद्रयान-१ वरच्या मिनी-सार रडारच्या माहितीतून उत्तर ध्रुवाजवळचे ४० हून जास्त खड्डे बर्फाचे ठरवले गेले, त्यावरचा वाद याच मुद्द्याचा. खड्ड्याच्या आतला आणि काठाबाहेरचा सीपीआर वेगवेगळा काढा. दोन्हीकडे जास्त तर धोंडे समजा. आतच जास्त असेल तर पुढे जा. मग तीच पद्धत ऊन पडणाऱ्या, तेवढ्याच आकाराच्या खड्ड्यांवर चालवा. तिथंही 'बर्फ' निघाला तर पद्धत चुकली. लागतो एक बरा संगणक. ना भट्टी, ना डबा.

खडीक्रशर:
मापकाचं कुणीच बोललं नाही. विद्यापीठांत सहसा असतं ते हातात धरायचं स्पेक्ट्रोरेडिओमीटर ३५० ते २५०० नॅनोमीटरचं. खनिजांना पुरतं; ३ मायक्रॉनचा पट्टा त्याला दिसतच नाही. एफटीआयआर (त्याहून लांब अवरक्त तरंगलांब्यांचा वर्णपटमापक) लागणार, आणि तिथंही ३ ला हायड्रॉक्सिल की पाणी हे सुटत नाही. ते सुटतं ६ मायक्रॉनला; २०२० मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीनं चंद्रावरच्या क्लेव्हियस खड्ड्यात तसंच पाणी दाखवलं. म्हणून संशोधन समितीपुढे जाताना शीर्षकात 'पाणी' लिहू नका. '३ मायक्रॉनचा पट्टा' लिहा.

शेंगाचटणी:
नुसतं 'पट्टा' लिहिलंत तर समितीत कुणीतरी विचारणार, कमरेचा का?

खडीक्रशर:
मग 'शोषण पट्टा' लिहा.

शेंगाचटणी:
तो तर गाईडचा असतो.