कोंबड्यांबरोबर हंस पाळलेत का? अनुभव लिहा

परसातली
काल शेजारच्या मुलाने मोबाइलवर हंसाचा व्हिडिओ दाखवला. मान जमिनीलगत लांब केलेली, चोच उघडी, फिस्स्स... आणि इकडे माझी पोटरी आपोआप आखडली. इतकी वर्षं झाली तरी!

आमच्या परसात कोंबड्यांबरोबर हंसांची जोडी होती. आणली राखणीला म्हणून. घार दिसली की नर मान वाकडी करून एका डोळ्याने आभाळ न्याहाळायचा, मग ओरडायचा, की सगळ्या कोंबड्या झुडपाखाली. बोक्यावर तर पंख पसरून धावून जायचा. पण तो राखायचा स्वतःची जागा आणि स्वतःची मादी. कोंबड्या मधल्यामध्ये वाचायच्या, एवढंच. आमचा कोंबडा, जो आधी अंगणाचा मालक होता, तो पाणी प्यायलासुद्धा लांबून वळसा घालून येऊ लागला.

खरा वैताग पाण्याचा. हंसाला नाकपुड्या-डोळे धुता येतील एवढं खोल पाणी लागतं. गवत-माती उकरून आलेली चोच त्यात घालायची, खळखळ करायची, आणि कोंबड्यांना उरायचा चिखल. तुम्ही काय करायचात?

रानजाई
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय.

खुडूक
आमची हंसीण अंडी घालायची आणि निघून जायची. मग खुडूक कोंबडीखाली चारच ठेवली, जास्त मावतच नाहीत. एवढं जड अंडं कोंबडीला नीट उलटवता येत नाही, म्हणून ती दाण्याला उठली की आई हाताने फिरवायची. कुठली बाजू झाली ते कळावं म्हणून कोळशाची फुली. कोंबडीचं २१ दिवसांत आटपतं, हंसाला २८ ते ३०, कधी त्याहूनही जास्त. बिचारी उठायलाच तयार नाही, नुसती वाळली. पिल्लं निघाली, जरा मोठी झाली आणि एक दिवस सरळ डबक्यात! काठावर कोंबडीने जो आकांत मांडला...

(कोंबडीखालची पिल्लं लहान असताना पाण्यात फार वेळ सोडू नका बरं, भिजून गारठतात.)

बिनसाखरेचा
काठावरची कोंबडी म्हणजे पोहण्याच्या क्लासच्या जाळीबाहेर उभी असलेली माझी बायको 😂

खुडूक
दादा, वहिनी हे वाचतात का? 😄

बिनसाखरेचा
नाही, म्हणून तर जिवंत आहे.

भुसाबदलू
परसातलीताई, पाण्याचं सांगतो. हंसांचं घमेलं खुराड्यापासून लांब आणि उताराच्या बाजूला. कोंबड्यांना निपलचं पाणी (चोच लावली की थेंब पडतो ती तोटी), उंचावर. रात्री खुराड्यात हंस असतील तर आत पाणी नको, आणि पाणी नसेल तर खाद्यही नको. कोरडं खाद्य त्यांना पाण्याशिवाय नीट गिळता येत नाही.

ओला भुसा हा मुख्य शत्रू. अमोनियाचा वास तुमच्या नाकाला आला म्हणजे जमिनीवर बसणाऱ्या पक्ष्याने तो कधीचाच सोसलेला असतो. वर ओलाव्यात कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्याचा रोग. कोंबडीची पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, शिटेत रक्त दिसलं, की समजायचं. आणि हंस खाली झोपतो, कोंबड्या दांडीवर. दांडीखाली हंसाची जागा केलीत तर सकाळी त्याची पाठ बघा. मी मधे फळी मारून खुराड्याचे सरळ दोन भाग केले, दारंही दोन. तेव्हापासून शांतता.

कुंपणावरून
सगळं ठीक, आधी सांगा चावतो का?

परसातली
चावत नाही. पकडून पिळतो.

कुंपणावरून
😳 राहू दे मग.

सहजच
विणीच्या हंगामात नर जास्त बिथरतो, एरवी एवढा नाही. पळायचं नाही आणि पाठ दाखवायची नाही. हात पसरून उभं राहायचं, मग हळूहळू मागे सरकायचं. त्या दिवसांत कोंबड्यांना पळायला जागा ठेवा. अरुंद जागेत कोंबडी कोपऱ्यात सापडली तर पंखाचा फटका तिला झेपत नाही.

रोमची गोष्ट माहीत असेलच. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल सैनिक रात्री टेकडी चढून आले, कुत्रे गप्प राहिले आणि जूनोच्या देवळातले हंस ओरडले, अशी आख्यायिका आहे.

बिनसाखरेचा
आमचे हंस पिशवी उडाली तरी ओरडायचे. रोमवाले त्या रात्री बरोबर कसे उठले, हे कोडंच आहे.

दाणापाणी
खाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात नायसिन (एक ब जीवनसत्त्व) असतं, पण हंसाच्या पिल्लाला त्याहून जास्त लागतं. कमी पडलं की पाय वाकतात, घोटे सुजतात, पिल्लू बसूनच राहतं. आम्ही खाद्यावर ब्रूअर्स यीस्ट भुरभुरायचो. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडांना जड जातं. फार ताकदीचं खाऊन भराभर वाढलेल्या पिल्लाचा पंख शेवटाला बाहेर वळतो, तेही बघितलंय. मोठे झाले की मात्र गवतावर खूश, कोंबड्यांपेक्षा सोपे. घरात लहान मूल असेल तर काय करता पण? माझा नातू आता रांगायला लागलाय, काही म्हणजे काही तोंडात घालतो.

खुडूक
अय्या, रांगायला लागला पण! नातवाला आणि हंसाला एका अंगणात नकोच, काकू. मधे जाळी.

रानजाई
आले. आमच्याकडे एकच नर उरला होता, मादी गेली. दिवसभर हाका मारत फिरायचा, ऐकवत नव्हतं. मग त्याने एक लाल बादली धरली. खरंच! तिच्याशेजारी झोपायचा, कोंबडी जवळ गेली तर हाकलायचा. त्याला कोणी जोडीदार का आणला नाही विचारू नका, आणली होती. तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

परसातली
रानजाई, अगं 🙁

सहजच
तो अंड्यातून बाहेर आल्यावर पहिली बादली पाहिली असेल! गंमत सोडा, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या लोरेन्झच्या मागे हंसाची पिल्लं, पहिला तोच दिसला म्हणून, आई समजून फिरायची. १९७३ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक तो.

रानजाई
नाही, चांगला मोठा असताना आला होता आमच्याकडे. बादली नंतरचं प्रेम.

भुसाबदलू
एक राहिलं. आसपास रानबदकं, पाणपक्षी उतरत असतील तर सांभाळून. बर्ड फ्लूचा विषाणू पाणपक्ष्यांत काही वेळा लक्षणं न दाखवता असतो, कोंबड्या मात्र पटापट मरतात. खाद्य-पाणी छपराखाली ठेवा. कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकांना कळवा.

कुंपणावरून
वाचून वाचून आता मलाही हवासा वाटायला लागलाय. एक पाळला तर चालेल?

परसातली
एकटा नको, निदान दोन. वर रानजाईने काय लिहिलंय ते वाच.

बिनसाखरेचा
किंवा एक हंस आणि एक बादली.